पाखरांच्या घराची आखणी

"रंग राहू दे. ओरडतो कसा, ते सांग," अप्पा म्हणाले.

मी पुस्तक त्यांच्यासमोर धरून बसले होते. कॉलेजच्या ग्रंथालयातून माझ्याच सहीनं आणलेलं, पक्षी पाळण्यावरचं जाडजूड पुस्तक. उघडलेल्या पानावर झेब्रा फिंचची जोडी होती आणि मी तिचं वर्णन वाचून दाखवत होते. चिमणीहून लहान, चोच लाल, नराच्या गालावर नारिंगी ठिपका, गळ्याखाली काळे-पांढरे पट्टे.

"आवाजाबद्दल एकच ओळ आहे. रबरी बाहुली दाबल्यावर होतो तसा, असं लिहिलंय."

"म्हणजे पीं-पीं."

"पीं-पीं."

"दिवसभर?"

"दिवसभर. दमत नाही म्हणे."

"घरात एक तरी न दमणारा हवाच," अप्पा म्हणाले. "लिही. फिंच, तीन जोड्या."

तासगावच्या घराची मागची पायरी, फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे नऊ. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. कोल्हापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. घरी सासूबाई तीन वर्षं अंथरुणावर होत्या, मुलगी दहावीला होती. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कॉलेजला सुट्टी असायची. त्या आठवड्यांना मी शुक्रवारी संध्याकाळी दोन एसट्या बदलून तासगावला यायची आणि रविवारी दुपारी परत जायची. अप्पांना बघून येते, असं सगळ्यांना सांगायची. ते खोटं नव्हतं. पण अप्पांच्या घरातली रविवारची सकाळ ही महिन्यातली अशी सकाळ होती, जेव्हा मला कुणी उठवत नसे, हेही तितकंच खरं होतं.

अप्पा पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आरेखक होते. कालवे, मोऱ्या, सांडवे. सही इंजिनिअरची, रेघ अप्पांची. आई गेल्यापासून चार वर्षं ते एकटे राहत होते. जेवणाचा डबा शेजारून यायचा. माझा धाकटा भाऊ बसवराज हैदराबादला अकराव्या मजल्यावर राहतो. अप्पांनी तिकडे यावं म्हणून वर्षभर त्याचा धोशा चालला होता. शेवटी दोघांत ठरलं होतं, की बसू मार्चमध्ये येणार, अप्पांची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करवणार, आणि कुठं काही निघालं तर घराला कुलूप लावून त्यांना घेऊन जाणार. अप्पांनी फोनवर "बरं" म्हटलं होतं. त्यानंतर आठच दिवसांत त्यांनी मागच्या अंगणात पाखरांचं घर बांधायचं काढलं.

"आता पुढची," अप्पा म्हणाले. "फिंचच्या पीं-पींमध्ये वेगळी कळेल अशी."

"कॉकटील आहे. डोक्यावर तुरा, अंग राखाडी, गाल..."

"गाल राहू दे गं."

"शिट्टी मारतो. नराला शिकवली तर दोन-चार सूर उचलतो."

अप्पा सरसावून बसले. "शिकवली तर शिकतो? आणि फिंचला मारत नाही ना?"

"नाही. गरीब स्वभावाचा आहे. पहिल्यांदा पाळणाऱ्यानं हा घ्यावा, असं लिहिलंय. पण जागा भरपूर हवी."

"जागा आहे. लिही, एक जोडी. काय नाव म्हणालीस?"

"कॉकटील. दुकानवाले कॉकटेल म्हणतात."

"गळ्यात लिंग बांधून मी दुकानात जाऊन कॉकटेलची जोडी मागू?" अप्पा हसले. "तू जा ते आणायला."

तेवढ्यात फाटकाशी दस्तगीर शिकलगाराची मोटारसायकल थांबली. दस्तगीर वेल्डर. आमच्या भागातल्या निम्म्या द्राक्षबागांचे लोखंडी मांडव त्याच्या हातचे. अप्पांच्या घराचं फाटक, खिडक्यांच्या जाळ्या, गच्चीची शिडी, सगळं त्यानंच केलेलं. हंगाम असल्यानं खणायला गडी मिळेना, म्हणून पहार आणि खोरं घेऊन तो स्वतःच आला होता.

"काय साहेब, पिंजरा कुठं घ्यायचा?"

"पिंजरा नव्हे. घर."

"चारी बाजूनं जाळी लागली की पिंजराच की ओ."

"तुझ्या खिडक्यांना चारी बाजूनं जाळी आहे. तू पिंजऱ्यात राहतोस?"

"बायकोला इचारा," दस्तगीर म्हणाला आणि डोक्याला रुमाल बांधायला लागला.

पाखरं कुठली घेणार, हे त्याला लगेच जाणून घ्यायचं होतं. पोपटाचं पिल्लू लागलं तर बघतो, म्हणाला. अप्पांनी त्याला उडवून लावलं. आपला पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे, मी सरकारी नोकर होतो. मग तो माझ्याकडे वळला.

"ताई, तर मग लव्हबर्ड घ्या. माझ्या मेव्हण्याकडं ढिगानं हाईत."

"लव्हबर्ड नको," मी म्हटलं. "भांडखोर असतात. फिंचचे पाय तोडतात."

"कोन म्हनतंय?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकातला लव्हबर्ड वाईट संगतीचा असंल. मेव्हण्याच्या घरात चाळीस हाईत, लेकरागत राहत्यात. हिरवे, पिवळे, निळे. मडक्यात अंडी घालत्यात."

मला उलगडा व्हायला जरा वेळ लागला. मी पानं उलटून बजरीगरचं चित्र काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. "हे का?"

"हेच की. लव्हबर्ड."

"ह्याला बजरीगर म्हणतात. लव्हबर्ड वेगळा."

"अख्ख्या सांगली जिल्ह्यात ह्याला लव्हबर्ड म्हनत्यात, ताई. पुस्तक छापताना कुनी इचारलं न्हाई तर आमी काय करायचं?"

अप्पांना हसू आवरेना. मग त्यांनी विचारलं, "ओरडतो कसा?"

"बडबड्या हाय. शाळा सुटल्यागत."

"मग तो नको. सगळे एकदम बोलले की कोण कुठं आहे ते कळत नाही," अप्पा म्हणाले. "आधी फिंच आणि तो तुरेवाला. नीला, नकाशा घे."

चौकटीचा कागद, पट्टी आणि पेन्सिल त्यांनी आधीच काढून ठेवली होती. मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो माझ्याकडे परत सरकवला.

"मी सांगतो, तू काढ. माझा हात थरथरतो हल्ली."

त्यांचा हात गुडघ्यावर होता. तो थरथरत नव्हता. लहानपणी आम्हा भावंडांना त्यांच्या टेबलावरच्या पेनाला बोट लावायची परवानगी नव्हती. मी पट्टी घेतली.

लांबी बारा फूट, रुंदी सहा, उंची सात. पाव भाग पक्क्या पत्र्याखाली, पावसाला पाठ करून. आत शिरायला दोन दारं, एकामागे एक, मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे पाखरू बाहेर सटकत नाही. जाळी अर्ध्या इंचाची, नवी जाळी व्हिनेगरनं धुऊन घ्यायची. बसायला पेरूच्या फांद्या, कमीजास्त जाडीच्या. पाण्याचं भांडं फांद्यांच्या खाली नको. मी पुस्तकातून सांगत होते, अप्पा ऐकून आकडे देत होते. मी दाराची रुंदी एका चौकटीनं चुकवली, तर त्यांनी कागदाकडे न बघता विचारलं, "सव्वादोन आणि पावणेचार, बेरीज सहा येते का तुझी?" येत नव्हती. मी खोडलं.

"आणि खाली?" अप्पांनी विचारलं. "घूस आली तर?"

"जाळी दीड फूट जमिनीत पुरायची. भोवतीनं चर खणून."

"म्हणजे पाया हवा. बघ, पिंजऱ्याला पाया नसतो, दस्तगीर."

मग ते आखणीला उठले. पायरीवरून खाली उतरले, पाठ ताठ केली आणि चालायला लागले. ओठ हलत होते. चौदा पावलांवर थांबले.

"इथून मी रोज सकाळी डावीकडे वळतो, बेलाच्या झाडाकडे. पूजेची पानं आणायला. ही वाट मोकळी ठेवायची." आणखी दोन पावलं पुढे गेले. "सोळा. इथं पुढची खुंटी ठोक. इथून मागं भिंतीपर्यंत पाखरांचं."

"टेप हाय की माझ्याकडं, साहेब."

"टेप तुझ्यासाठी. वावरायचं मला आहे, तर ते माझ्या पावलांत बसायला हवं."

दस्तगीरनं खुंटी ठोकली, दोरी ताणली, फक्कीची पांढरी रेघ ओढली. अप्पा तसेच मोजत परत आले आणि पायरीवर टेकले. चेहऱ्यावर घाम होता, आणि ते खुशीत होते. इतके खुशीत मी त्यांना आई गेल्यापासून बघितलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला बसूचा फोन आला. आधी अप्पांशी बोलला. अप्पा म्हणाले, "अरे, इथं आठ जीव येणार आहेत. त्यांना सोडून मी तुझ्या अकराव्या मजल्यावर काय करू? जिवंत जीव आले की घराला कुलूप लावता येत नाही, बसवराज." मग फोन माझ्याकडे दिला. मी तो घेऊन पुढच्या खोलीत गेले.

"अक्का, हे काय नवीन?" बसू म्हणाला. "पक्षी बघणार कोण? मला खरं सांग. मागच्या वेळी व्हिडिओवर ते फोनकडे बघतच नव्हते. डोळे ठीक आहेत का त्यांचे?"

"चष्म्याचा नंबर बदलला असेल."

"एवढंच ना?"

"एवढंच. मी नेते त्यांना सांगलीला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे."

"तू म्हणतेस तर बरं," बसू म्हणाला. "तू तिथं असतेस म्हणून मला झोप लागते."

जेवल्यावर अप्पा आडवे झाले. मी भांडी आवरून मागच्या दारात आले तर दस्तगीर भिंतीकडच्या बाजूला पहार टेकून उभा होता.

"ताई, हिकडं कातळ लागलाय. पहारीला दाद देईना." त्यानं ठण ठण वाजवून दाखवलं. "मागची बाजू तीन फूट अलीकडं घ्यावी लागंल. म्हंजे पुढची बी तीन फूट अलीकडं येती. न्हाईतर पिंजरा लहान करा."

"लहान नको. आठ पाखरांना एवढं हवंच."

"मग सरकवू? साहेबास्नी इचारू का?"

मी खोलीच्या खिडकीकडे बघितलं. अप्पांचा घोरण्याचा आवाज येत होता.

"झोपलेत. तुम्ही सरकवा," मी म्हटलं. "संध्याकाळी मी दाखवते त्यांना."

त्यानं पहिली रेघ पायानं पुसली आणि तीन फूट अलीकडं दुसरी ओढली.

चार तासांत चर खणून झाला. दीड फूट खोल, दीड फूट रुंद, कडा कापल्यासारख्या. माती त्यानं पलीकडच्या बाजूला ओढून ठेवली, जाळी रोवताना हाताशी यावी म्हणून. सोमवारी अँगल घेऊन येतो, म्हणाला. अप्पा तेव्हा उठून तोंड धूत होते. त्यानं बाहेरूनच हाक मारली, "येतो साहेब," आणि गेला.

मी चहा केला. आम्ही पायरीवर बसलो. ऊन भिंतीवर चढलं होतं. अप्पांनी कप दोन्ही हातांत धरला होता आणि तोंड अंगणाकडे होतं.

"झाला चर?"

"झाला."

"सरळ आलाय," अप्पा म्हणाले.

मी चराकडे बघितलं. बेलाकडे जाणाऱ्या वाटेवर, बरोबर वळायच्या जागी, तो आडवा पडला होता.

"हो अप्पा. सरळ आलाय."

"दस्तगीरचा हात चांगला आहे. फक्त बोलतो जास्त." ते घोट घोट चहा पीत होते. "नीला, त्या तुरेवाल्याला शिट्टी शिकवायची तर रोज एकाच वेळी शिकवावी लागेल, नाही? मी म्हणतो, सकाळी पूजा झाली की. तोपर्यंत तीही जागी झालेली असतील."

"हो."

"पहिले पंधरा दिवस घाबरतील. आवाज नको करायला. आपण नुसतं बाहेर बसून राहायचं."

"अप्पा," मी म्हटलं.

"काय?"

"उद्या बेल मी आणते."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "का? मला काय झालंय?"

"काही नाही. सहज म्हटलं."

"तू झोप," अप्पा म्हणाले. "तुला तुझ्या घरी कोण झोपू देतं? मी दार हळू उघडीन."

त्यांनी कप खाली ठेवला. ठेवताना आधी बोटांनी पायरीची कड चाचपली. मी तो उचलून आत नेला आणि विसळला. विसळून पुन्हा विसळला. मग कणीक मळायला घेतली.

सकाळी त्यांनी दार खरंच हळू उघडलं. तरी मला जाग आली. खिडकीतून उजेड येत होता, सात वाजले असतील. उठायला हवं, हे मला कळत होतं. कालपासून कळत होतं. त्यासाठीच मी पहाटेपासून दोनदा डोळे उघडून घड्याळ बघितलं होतं. पण महिनाभराचा शीण एकदम अंगावर आल्यासारखे पाय जड झाले होते. उठते, असं मी मनात म्हटलं. कडी वाजली. पायऱ्यांवर चपलांचा आवाज झाला. उठते, असं मी पुन्हा म्हटलं आणि पांघरुणातून एक पाय बाहेर काढला. चपला मातीवर वाजत पुढे गेल्या, एकसारख्या, न घाईच्या.

मग पितळी परडी दगडावर आपटल्याचा आवाज आला. अप्पा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त "अरे" असं म्हटलं. आपण कुणाच्या तरी अंगावर चुकून आदळलो की म्हणतो तसं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. मिरजेला नेलं, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांच्यावर अजूनही विश्वास ठेवते. सातव्या दिवशी छातीत कफ भरला. बसू आला होता. त्यानं विचारलं तेव्हा अप्पा म्हणाले, "चक्कर आली रे. पित्त झालं असेल." तपासणीचं, डोळ्यांचं काही निघू नये म्हणून ते त्या अवस्थेतही जपून बोलत होते. चक्कर कुणालाही येते. त्यासाठी घर सोडावं लागत नाही.

नवव्या दिवशी दुपारी बसू औषधं आणायला खाली गेला होता. अप्पांनी माझा हात शोधला.

"नीला."

"इथंच आहे."

"माझी मोजणी चुकली गं." दम लागत होता, तरी ते सावकाश बोलले, ऑफिसातली चूक कबूल करावी तसं. "चौदाच धरली मी. बहुतेक सोळा झाली. एकतीस वर्षांत... असं झालं नव्हतं."

मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"बोलू नका अप्पा. दम लागतो."

"पाखरं सांगितली नाहीत ना अजून आणायला?"

"नाही."

"बरं झालं."

अकराव्या दिवशी ते गेले.

सगळं आटोपून आम्ही तासगावच्या घरी आलो तेव्हा दस्तगीर मागच्या अंगणात होता. त्यानं चर बुजवत आणला होता. आम्हाला बघून त्यानं खोरं खाली ठेवलं आणि डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला. बसू त्याच्या अंगावर धावूनच गेला.

"म्हातारा माणूस एकटा राहतो इथं, आणि तू उघडा खड्डा टाकून घरी गेलास? एक फळी टाकता आली नाही तुला? लोखंडाची कामं करतोस की माणसं मारायची?"

दस्तगीरनं माझ्याकडे बघितलं. मी बसूचा दंड धरला आणि म्हटलं, "चल आत." एवढंच म्हटलं. तो आत आला. दस्तगीरनं उरलेली माती ओढली, पायांनी दाबून जमीन सारखी केली आणि निघून गेला.

घर मग भाड्यानं दिलं. एकामागून एक तीन भाडेकरू झाले. ह्या वर्षी शेवटचं कुटुंब गेलं तेव्हा मागच्या जाळीच्या दाराच्या बिजागऱ्या गंजून निखळल्या होत्या. अकरा वर्षं झाली होती. सासूबाई गेल्या, मुलगी तिच्या संसारात आहे, मीही निवृत्तीला आले आहे. गावात दुसरेही वेल्डर आहेत. फोन मी दस्तगीरलाच केला.

तो आला. दाढी पांढरी झाली होती, बाकी तसाच काटक. "काय ताई, बरं हाय न्हवं?" म्हणाला आणि कामाला लागला. बडबड मात्र नव्हती. दार बसवून, दोनदा उघडझाप करून त्यानं हात धुतले. मी चहा आणून दिला. तो उभ्यानंच प्यायला लागला.

"ताई, एक बोलू? राग मानू नका."

"बोला."

"तुमच्या भावानं मला बोल लावला, त्येचं काय न्हाई. बाप गेल्यावर मानूस बोलनारच. तवापासनं मी कुठंबी खड्डा उघडा टाकून घरला गेलो न्हाई. लोक हसत्यात, इतभर खड्ड्यावर बी फळी टाकतो म्हनून." त्यानं एक घोट घेतला. "पर एक कोडं मला सुटत न्हाई. सातला चांगलं उजाडलेलं असतंय. दीड फूट रुंद चर, पल्याड मातीचा ढीग. आन साहेबांची नजर कसली, माझी एक रेघ वाकडी गेली तर फाटकातनं सांगायचे. तर तो चर त्यास्नी दिसला कसा न्हाई? चक्कर आली म्हनत्यात, ती नेमकी तितंच आली? मी कितींदा मनात तो चर पुन्ना खणून बघितला. माझं काय चुकलं ते मला घावत न्हाई."

"बसा, दस्तगीरभाई."

"ऱ्हाऊ द्या."

"बसा."

तो पायरीवर बसला. मी त्याच्या शेजारी बसले.

"चक्कर आली नव्हती," मी म्हटलं. "अप्पांना दिसत नव्हतं. उजेड तेवढा कळायचा. फाटकातून ओरडायचे ते फार आधीचं. शेवटी शेवटी ते सगळं पावलं मोजून करायचे. त्या सकाळीही त्यांनी बरोबर मोजली होती, चौदा. तुम्हीही बरोबर खणलात, मी सांगितलं तिथं."

त्यानं कप खाली ठेवला. तो समोरच्या जमिनीकडे बघायला लागला. तिथं आता गवत होतं.

"आन तुमाला हे दवाखान्यात कळलं?" त्यानं हळूच विचारलं.

त्यानं माझ्यासाठी जागा करून दिली होती. हो म्हटलं असतं तर त्यानं मान हलवली असती, "नशीब" म्हटलं असतं आणि चहा संपवला असता.

"नाही," मी म्हटलं. "त्याच्या आधीच्या दिवाळीत. मी सकाळी कपडे वाळत घालत अंगणात उभी होते. काही बोलत नव्हते. अप्पा पायरी उतरून आले, तोंडानं मोजत, आणि माझ्यापासून हातभर अंतरावरून पुढे गेले. मी तिथं आहे हे त्यांना कळलं नाही. हाक मारली असती तर त्यांना कळलं असतं की मला कळलंय. मग बसूला सांगावं लागलं असतं, घर बंद झालं असतं, अप्पा हैदराबादला गेले असते, आणि मला यायला कुठलं घर उरलं नसतं. मी श्वास धरून उभी राहिले. ते पानं तोडून परत आत गेले, तेव्हा हलले. तेव्हापासून मला माहीत होतं. त्या संध्याकाळी आम्ही इथंच बसलो होतो, तुम्ही नुकते गेला होता. त्यांना एवढंच सांगायचं होतं, की अप्पा, चर तीन फूट अलीकडं आलाय. पण ज्याला दिसतं त्याला हे कुणी सांगत नाही, दस्तगीरभाई. म्हणून मी सांगितलं नाही."